आधी विचारा, मग ट्रक भरा

मी देहूरोडहून बोलतेय. देहूरोड, किवळे, मामुर्डी, चिंचोली, शेलारवाडी या भागातल्या बचत गटांच्या समन्वयाचं काम मी करते. पूर, भूकंप, दरड अशी आपत्ती आली की जी मदत येते तिच्याबद्दल आज बोलायचं आहे. त्या मदतीच्या मागोमाग जे लुटायला येतात त्यांच्याबद्दलही बोलायचं आहे. विषय पावसाळ्याआधीच काढतेय, कारण एकदा पाणी दारात आलं की ऐकायला कुणाला सवड नसते.

आमच्या गटांत मावळातल्या बायका आहेत, तशा लातूर, धाराशिव, सोलापूर, बीडकडच्याही पुष्कळ आहेत. नवरा चाकणला नाहीतर तळेगावला कंपनीत कंत्राटी कामाला, इथं भाड्याची खोली, आणि माहेर-सासर सीना किंवा मांजरा नदीच्या काठावर. तिकडं पाणी चढलं की इकडं आमच्या बैठकीत फोन वाजायला लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तसंच झालं. ऐन नवरात्रात सीना नदीला असा पूर आला की करमाळा, माढा, मोहोळ आणि तिकडं परांडा, भूम या तालुक्यांतली गावंच्या गावं पाण्यात गेली. उभं सोयाबीन गेलं, जनावरं दावणीला बांधलेली मेली, आणि कितीतरी ठिकाणी रानातली मातीच वाहून गेली.

आमच्या गटातल्या एक मावशी माढा तालुक्यातल्या. त्यांची भावजय तिकडच्या बचत गटात आहे. आम्ही सामान गोळा करायच्या आधी तिला फोन लावला आणि विचारलं, की बाई, काय आणू? ती पहिल्यांदा म्हणाली, काही नको, तुम्ही फक्त या. खेड्यातली बाई अशीच बोलते. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, तेव्हा मोकळेपणानं सांगायला लागली. तिनं जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं आहे. परकर. आतले कपडे, बायकांचे आणि वयात आलेल्या पोरींचे. पाळीचे कपडे नाहीतर पॅड. ताडपत्री, फावडी, घमेली, खराटे. फिनेल, ब्लीचिंग पावडर. शेगडी. कडबा. आणि रात्री शौचाला जाताना लागते म्हणून बॅटरी. या यादीत साडी कुठंच नव्हती.

दसरा झाल्यावर आम्ही पाच जणी टेम्पो घेऊन गेलो. टेंभुर्णीपासून आत वळल्यावर रस्त्यावरच्या पहिल्या मोठ्या गावात मदतीच्या गाड्या उभ्याच होत्या. प्रत्येक गाडीवर फ्लेक्स. त्या गावातल्या एका काकूंना सात साड्या मिळाल्या होत्या. परकर एकही नाही. ब्लाऊज शिवायचं तर मशिन पाण्यात गेलेलं. सात साड्या एका गोणीत भरून ठेवल्या होत्या आणि अंगावर धाकट्या जावेचा गाऊन होता. तिथून नदीकडं आत सहा-सात किलोमीटरवर जे गाव, तिथं आमच्याआधी एकच गाडी पोहोचली होती, कारण पूल खचला होता आणि मोठा ट्रक जात नव्हता.

आपल्याकडं पालखीच्या दिवशी काय होतं ते आठवा. देहूहून तुकोबांची पालखी निघाली की चिंचोली, देहूरोड, निगडीपर्यंत दर दहा पावलांवर केळी आणि राजगिऱ्याचे लाडू. वारकरी तरी किती खाणार? रस्त्यावर केळी तुडवली जातात. श्रद्धेनं देणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण देणारा आपल्या सोयीच्या जागी उभा राहतो, एवढं खरं.

तर त्या गावातल्या शाळेची एक खोली जुन्या कपड्यांनी छतापर्यंत भरलेली होती. त्यात काय नव्हतं? कोट, टाय, लग्नातले लेहंगे, फाटलेल्या जीन्स, एक-एक पायाचे बूट. वरचे कपडे धुतलेले, खालचे तसेच. पावसाची ओल लागून वास सुटला होता. शाळा सुरू करायची म्हणून मास्तरांनी खोली रिकामी करायला सांगितली, आणि ते काम कुणी केलं? त्याच बायकांनी. आधी स्वतःच्या घरातला गाळ काढला, मग शहरातल्या लोकांच्या कपाटातला. शेवटी ते कपडे माळावर नेऊन पेटवले.

खायच्या वस्तूंचंही तसंच. पहिल्या आठवड्यात आल्या त्या गाड्या बिस्किटं, फरसाण आणि पाण्याच्या बाटल्यांच्या. नवरात्र चालू, निम्म्या बायकांना नऊ दिवसांचे उपवास. घरात पाणी शिरलेलं असलं तरी उपवास मोडायला त्या तयार नव्हत्या. त्यांना भगर आणि शेंगदाणे हवे होते, आणि मुख्य म्हणजे शिजवायला कोरडं सरपण किंवा गॅस. हे त्यांना विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं.

हे काही परवाच सुरू झालेलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, पंचगंगा, वारणेला महापूर आला, सांगली-कोल्हापूर बुडालं, पुणे-बंगळूर महामार्ग कितीतरी दिवस बंद राहिला. तेव्हाही राज्यभरातून मदत आली, आणि जुने कपडे आता पाठवू नका असं हात जोडून सांगायची वेळ तिथल्या कार्यकर्त्यांवर आली. सरकारी धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवले म्हणून तेव्हा गदारोळ झाला होता. २०२५ ला पुन्हा किटवर फोटो आले आणि पुन्हा गदारोळ झाला. त्याच २०१९ च्या पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं होती, कारण दुसरी बोट कधी येईल याचा भरवसा नव्हता. डझनाहून जास्त माणसं गेली, त्यांत बायका-मुलं होती. आता विचार करा, कृष्णेच्या काठावरच्या गावाला पूर येणार हे काय नवीन आहे? २००५ ला येऊन गेलाच होता. दोन पुरांच्या मधल्या चौदा वर्षांत धड बोट आणि जीवरक्षक जाकिटं यासाठी कुणी वर्गणी काढत नाही. वर्गणी निघते ती टीव्हीवर पाणी दिसलं की.

फोटोंचं एक वेगळंच दुखणं आहे. किट हातात देताना फोटो, रांगेत उभं राहिल्याचा व्हिडिओ. काल-परवापर्यंत जिच्या घरी दहा माणसं जेवून जायची ती बाई आज पाच किलो आट्याची पिशवी धरून कॅमेऱ्याकडं बघतेय. तिकडची एक सून मला म्हणाली, की सासूबाई फोटोच्या भीतीनं किट घ्यायलाच आल्या नाहीत. आपल्या भागातल्या कंपन्यांनाही हे सांगायला पाहिजे. कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, आपत्तीतली मदतही त्यात बसते. त्यामुळे पूर आला की चाकण-भोसरीकडून आम्हाला फोन येतात, की तुमच्या ओळखीनं गाव द्या, आम्ही पाचशे किट देतो, फोटो मात्र पाहिजेत. मी त्यांना सांगते, हिशेब पाहिजे तर पावत्या घ्या, गटाचा ठराव घ्या, वाटपाच्या यादीवर सह्या घ्या. बाईचा चेहरा म्हणजे पावती नव्हे. दोन कंपन्यांच्या साहेबांनी हे ऐकलं, एकानं फोन ठेवून दिला.

आता किल्लारीकडं जाते. कारण मदत कशी चुकते आणि कशी बरोबर होते, दोन्ही तिथं बघायला मिळतं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली, आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड धाबं, ते सगळं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. मी तेव्हा लहान होते, पण आमच्या गटात औसा तालुक्यातल्या एक काकू आहेत, त्यांच्याकडून मी पुष्कळ ऐकलंय. त्या सांगतात, की मदतीच्या गाड्यांइतक्याच बघ्यांच्या गाड्या होत्या. ढिगाऱ्याखाली माणसं असताना लोक भूकंप बघायला यायचे. काहीजण ढिगाऱ्यात सोनं-नाणं शोधायला यायचे.

पुढं ५२ गावं पूर्ण नवीन जागी वसवली. जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातल्या संस्थांनी गावं दत्तक घेतली. घरं पक्की झाली, त्यात शंका नाही. पण घराचा आकार कशावर ठरला माहिती आहे? जमिनीवर. भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंत जमीन असलेल्यांना अडीचशे चौरस फूट, त्याहून जास्त असलेल्यांना चारशे, मोठ्या जमीनदाराला साडेसातशे. म्हणजे ज्याच्याकडं आधी होतं त्याला मोठं घर आणि मजुराला खोली. भूकंपानं सगळ्यांना एका पातळीवर आणलं होतं, ते कागदानं पुन्हा वेगळं केलं. घरं रांगेत, रस्ते रुंद, शहरातल्या कॉलनीसारखे. जनावरं बांधायची कुठं, शेणी थापायच्या कुठं, सरपण ठेवायचं कुठं, आंघोळीला आडोसा कुठं, याचा नकाशात पत्ता नव्हता. भावकी पांगली, शेत लांब पडलं. काकूंच्या नात्यातल्या एका घरात पक्क्या खोलीत धान्याची पोती राहिली आणि माणसं बाहेर पत्र्याचं शेड टाकून राहिली. नकाशा काढणाऱ्यानं एका बाईला तरी विचारलं असतं, तुझा दिवस कुठं जातो गं?

दुसरी बाजूही तिथलीच. जी गावं हलवली नाहीत, तिथं पडलेली-तडकलेली घरं दुरुस्त करायची होती. सरकारनं पैसे टप्प्याटप्प्यानं घरमालकाला दिले आणि घर त्यानंच बांधायचं ठरलं. या कामात स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था उतरली, प्रेमा गोपालन यांनी उभी केलेली. त्यांनी गावोगावी एकेका बाईला संवाद सहायक म्हणून उभं केलं. हजाराहून जास्त गावांत हे काम चाललं. या बायकांनी काय केलं? घरोघरी जाऊन सांगितलं की तुझा हप्ता किती, तो कधी मिळणार, भिंतीत आडवा दगड कुठं घालायचा, पट्टा कुठं घ्यायचा, गवंडी सिमेंट कमी घालतोय का ते कसं ओळखायचं. सुरुवातीला इंजिनियर हसले, गावातली माणसं म्हणाली, बायकांना बांधकामातलं काय कळतं. पण ज्या घरात दिवसभर बाईच असते, त्या घराच्या भिंतीवर नजर तिचीच राहणार ना? त्यातूनच पुढं तिथं बचत गट वाढले. आणि २६ जानेवारी २००१ ला गुजरातमध्ये भूज हादरलं, तेव्हा याच लातूर-उस्मानाबादकडच्या बायका तिकडं गेल्या. गुजरातच्या बायकांबरोबर बसून त्यांनी सांगितलं, की आम्ही ढिगाऱ्यातून कशा उठलो, सरकारी माणसाला काय विचारायचं, घर बांधताना काय बघायचं. भाषा वेगळी, तरी कळलं. मला विचाराल तर एवढी नेमकी मदत दुसरी कुठलीच नाही.

पोरांच्या बाबतीतही किल्लारीनं चांगलं उदाहरण घालून दिलं. शांतीलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं तिकडची बाराशे मुलं आपल्या पुण्यात आणली आणि वाघोलीला त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय केली. नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी आपलं घर सुरू केलं. ही वर्षानुवर्षांची मदत, बिस्किटाच्या पुड्यासारखी दोन दिवसांत संपणारी नव्हे. हे सांगतेय, कारण आपत्तीनंतर भलतेच लोक पोरांसाठी येतात. पोरीला पुण्यात कामाला लावतो, मुलाला आश्रमात ठेवतो, मूल नसलेल्या आमच्या पाहुण्यांना बाळ द्या. अशा वेळी कुणाच्याही हाती मूल द्यायचं नाही, मग तो कितीही पांढऱ्या कपड्यातला असो. १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे, पैसे लागत नाहीत. अनाथ किंवा टाकलेल्या मुलाला दत्तक द्यायची रीत कायद्यानं ठरलेली आहे, ती जिल्ह्याच्या बालकल्याण समितीमार्फत होते. ती रीत सोडून असं मूल दिलं-घेतलं तर तो गुन्हा आहे.

आता लुटणाऱ्यांकडं येते. मदतीच्या गाड्या दहा-पंधरा दिवसांत परत जातात. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो, आणि तो बघायला कॅमेरा नसतो.

पहिला येतो जनावरांचा व्यापारी. कडबा वाहून गेलाय, म्हैस भुकेनं हंबरतेय, तेव्हा तो लाखाच्या म्हशीला पस्तीस-चाळीस हजार सांगतो, आणि बाई देते. म्हणून आम्ही दुसऱ्या खेपेला कपडा-धान्य काही नेलं नाही, कडबा नेला. पंधरा दिवसांचा चारा मिळाला की म्हैस दावणीला राहते आणि दूध चालू राहतं.

मग येतो फॉर्म भरून देणारा. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक मिळून करतात, त्याला एक पैसा लागत नाही. पण तुझं नाव यादीत घालून देतो, पाचशे दे, हजार दे, असं म्हणणारे गावोगावी उगवतात. मेलेल्या जनावरासाठी सरकारी मदत आहे. २०२५ ला दुभत्या गाई-म्हशीला साडेसदतीस हजार, शेळीला चार हजार असे दर ठरलेले होते. मात्र पुरावा लागतो. जनावर वाहून गेलं तर पुरावा कुठून आणणार? कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि गोठ्यातला एक फोटो मोबाईलमध्ये आधीच असेल तर बोलायला तोंड राहतं.

तिसरी गोष्ट हप्त्याची. इथं मी जरा थांबणार आहे, कारण ही आपल्या सगळ्यांच्या घरची गोष्ट आहे. २०१९ च्या पुरानंतर कोल्हापूर-सांगलीकडच्या बायकांनी मायक्रोफायनान्सच्या वसुलीविरुद्ध मोर्चे काढले होते. घरात चिखल, काम बंद, आणि कंपनीचा माणूस ठरलेल्या वारी दारात उभा. २०२५ ला सरकारनं बाधित तालुक्यांत शेतीकर्जाच्या वसुलीला वर्षभर स्थगिती दिली, सहकारी कर्जाचं पुनर्गठन जाहीर केलं. चांगलं झालं. पण शेतीकर्ज बहुतेक घरांत कुणाच्या नावावर असतं? पुरुषाच्या. बाईच्या नावावर असतं ते मायक्रोफायनान्सचं. शिलाई मशिनसाठी, शेळीसाठी, पोरीच्या फीसाठी घेतलेलं. ते शेतीकर्जात बसत नाही. म्हणजे घर एकच, पूर एकच, आणि नवऱ्याच्या कर्जाला थांबा म्हणतात, बायकोच्या कर्जाला म्हणत नाहीत.

माढ्याच्या त्या गावात एका बाईच्या घरी वसुलीवाला रात्री आठ वाजता येऊन बसायचा. हप्ता दिल्याशिवाय उठणार नाही म्हणायचा. तिनं पोहे विकायची गाडी आणि भांडी विकून एक हप्ता भरला, दुसऱ्यासाठी सावकाराकडून पाच टक्के महिन्यानं पैसे घेतले. कंपनीचं नाव मी घेत नाही. रिझर्व्ह बँकेचे नियम मात्र नीट ऐका. मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, यायचं नाही. हप्ता ठरलेल्या ठिकाणी घ्यायचा, दोन किंवा जास्त वेळा लागोपाठ बाई तिथं आली नाही तरच घरी यायची परवानगी. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणं चालत नाही. आणि कर्ज देतानाच बघायचं असतं, की घरावरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. तक्रार आधी कंपनीकडं लेखी करायची, पोच घ्यायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. १४४४८ या नंबरवर माहिती मिळते.

त्या बाईच्या गटानं ठराव लिहून कंपनीच्या शाखेत अर्ज दिला. गावाचा पंचनामा जोडला. अर्जात कर्ज बुडवायचं म्हटलं नव्हतं. सहा महिने हप्ता थांबवा आणि मुदत वाढवा, एवढंच मागितलं. सगळ्या गटाच्या सह्या होत्या. त्यांना तीन महिन्यांची सवलत मिळाली आणि रात्रीचं येणं बंद झालं. सावकाराचे पैसे गटानं अंतर्गत कर्ज देऊन फेडले.

आणखी एक, मोबाईलवरची लूट. आपत्ती आली की तासाभरात व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड फिरायला लागतात, सोबत रडणाऱ्या मुलाचा फोटो. कोरोनाच्या वेळी तर पंतप्रधानांच्या निधीच्या नावात एका अक्षराचा फरक करून खोटा आयडी काढला होता. आपल्या बायका शंभर-दोनशे रुपये पाठवतात, मनापासून पाठवतात, आणि ते कुणाच्या खिशात जातात कळत नाही. ओळखीच्या माणसाच्या, गटाच्या किंवा सरकारी खात्याशिवाय पैसे टाकू नका. फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करा.

मग द्यायचं कसं आणि कुणाला? आमच्या बैठकीत यावर चांगलं भांडण झालं होतं. काहीजणी म्हणाल्या, रोख पैसे द्या, जिला जे लागेल ते ती घेईल. काहीजणी म्हणाल्या, रोख दिले की नवरा घेऊन जाईल, दारूत जातील. दोन्हींत तथ्य आहे. पण माझं मत सांगते. नवरा पिणारा असेल तर तो आट्याची पिशवीसुद्धा विकतो, तेव्हा त्या भीतीनं सगळ्यांना साड्याच वाटायच्या हे काही बरोबर नाही. आम्ही असं केलं, की पैसे तिकडच्या गटाच्या बँक खात्यात टाकले आणि कुणाला किती हे त्यांनाच ठरवू दिलं. ठराव, सह्या, हिशेब आमच्याकडं आला.

एक अट मात्र आम्ही घातली. सरकारी मदत जिच्यापर्यंत पोहोचत नाही तिचं नाव आधी. पिकाची भरपाई सातबारावर नाव असलेल्याला मिळते. मग जी मजुरीनं जाते तिचं काय? तिचं शेत बुडालं नाही, पण चार महिन्यांची खुरपणी-काढणी बुडाली. जी दुसऱ्याचं रान बटईनं करते तिचं काय? बियाणं-खत तिनं घातलं, भरपाई मालकाच्या खात्यात. नवऱ्यानं टाकलेली बाई माहेरी भावाच्या पडवीत राहते, रेशनकार्डावर तिचं नाव नाही, मग पंचनाम्यात तिची चूल वेगळी कुणी धरत नाही. त्या गावात अशा अकरा जणी निघाल्या. आत्तापर्यंत आलेल्या एकाही यादीत त्या नव्हत्या. तिकडच्या गटाच्या बायकांनी मात्र बोटं मोडून नावं सांगितली, पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आठ जणींनी शेळ्या घेतल्या, उस्मानाबादी. एकीनं शिलाई मशिन दुरुस्त करून घेतलं, एकीनं पोरीची राहिलेली फी भरली. अकराव्या आजींनी सांगितलं, मला शेळी राखवत नाही, मला डोळ्याचं ऑपरेशन करायचंय. पुराचा आणि डोळ्याचा काय संबंध, असं आमच्यातली एक पटकन म्हणून गेली. तिकडच्या अध्यक्षा म्हणाल्या, त्यांना दिसत नाही म्हणून पाणी आलं त्या रात्री त्या सगळ्यात शेवटी निघाल्या. मग कुणी काही बोललं नाही. ऑपरेशन जानेवारीत झालं.

पवना आणि इंद्रायणीच्या काठावर आपल्याही वस्त्या आहेत, जुलैमध्ये धरणातून पाणी सोडलं की तिथंही पळापळ होते. म्हणून या महिन्याच्या बैठकीत आमचा प्रत्येक गट दोन कामं करतोय, तुम्हीही करा. आधार, पासबुक, रेशनकार्ड, सातबारा, मुलांचे दाखले यांचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवायचे. दुसरं, गटाच्या वहीत एक पान आपल्या वस्तीसाठी राखायचं. कुणाच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोण गरोदर आहे, कोण एकटी राहते, कुणाला ऐकू येत नाही, कुणाकडं किती जनावरं आहेत, कुणावर कुठल्या कंपनीचा हप्ता आहे. ते पान दर तीन महिन्यांनी बघायचं. मदत घेऊन कुणी आलं तर आधी ते पान समोर ठेवायचं.

शेलारवाडीच्या गटाचं पान भरून झालंय. किवळे आणि मामुर्डीचं पुढच्या मंगळवारी. ज्यांना नमुना पाहिजे त्यांनी बैठकीला येताना वही घेऊन या, तिथंच उतरवून देऊ.